बंपरचे पन्नास टक्के

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, बाणेर रोड, वरून पाऊस. सिग्नल लाल झाला म्हणून मी थांबलो. माझ्या पुढे एक स्कूटर उभी होती, तिच्यावर साठीच्या आसपासचे एक काका. मागच्या कारवाल्याला मात्र थांबणं जमलं नाही. त्याने मला ठोकलं, माझी गाडी पुढे ढकलली गेली आणि माझ्या बंपरने काकांना आडवं केलं. सगळा प्रकार दोन सेकंदांचा.

यापुढचं लिहायला जरा लाज वाटते. गाडीतून उतरल्यावर मी आधी मागे गेलो. डिकीचं दार आत गेलेलं, बंपर लोंबकळतोय, टेललॅम्पचा चुरा. खिशातून मोबाइल काढला, चार फोटो घेतले, मागच्याशी "दिसत नाही का तुम्हाला?" वगैरे सुरू केलं. तेवढ्यात फुटपाथवरून कोणीतरी ओरडलं, "अहो, त्या काकांना उचला आधी!"

काकांचं कोपर सोलवटलं होतं आणि गुडघ्याला मुका मार होता. जवळच्या दवाखान्यात नेलं. सुदैवाने हाड शाबूत होतं. पण तिथल्या बाकावर बसून काका पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "साहेब, पोलिसांत नको जायला. स्कूटरचा विमा दोन वर्षांपूर्वीच संपलाय." म्हणजे ज्याला लागलं तो घाबरलेला, आणि ज्यांच्या गाड्यांनी त्याला पाडलं ते दोघे आपापल्या पत्र्याचा हिशोब करतायत!

आपलाच विमा नाही म्हणजे आपल्याला तोंडच उघडता येणार नाही, असं काकांना वाटत होतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. ते साफ चूक आहे हे पुढच्या काही शनिवार-रविवारी वाचताना कळलं. पण मी वाचायला बसलो ते काकांमुळे नव्हे. बसलो बिलामुळे!

आता बिल. पुढचा बंपर ६,०००, मागचा ७,०००, डिकीचं दार १२,०००, टेललॅम्प ३,०००, पेंटिंग १०,०००, मजुरी ५,०००. एकूण ४३,०००. कंपनीच्या माणसाने येऊन सगळीकडून फोटो काढले, दोन दिवसांनी आकडा आला : २८,५५०. उरलेले १४,४५० माझ्या खिशातून.

मी गॅरेजच्या काउंटरवर सात्त्विक संतापाने विचारलं, "हे काय?" तिथल्या मुलाने रोज दहा वेळा सांगून पाठ झालेलं उत्तर दिलं. प्लास्टिकला पन्नास टक्के घसारा. तुमची गाडी चार वर्षं उलटून गेलेली, म्हणून पत्र्याला पस्तीस टक्के. पेंटिंगच्या बिलाचा पाव भाग मटेरियलचा धरायचा आणि त्यातलं निम्मं कापायचं. वर कंपल्सरी डिडक्टिबल हजार रुपये. "सर, झिरो डेप घेतलं असतं तर बहुतेक सगळं मिळालं असतं." झिरो डेप मी मागच्या वर्षी दीड-दोन हजार वाचवायला काढून टाकलं होतं हे त्याला सांगितलं नाही.

शिवाय चार वर्षं क्लेम न केल्याबद्दल मिळालेला ४५ टक्के नो क्लेम बोनसही गेला. चूक मागच्याची, बोनस माझा!

प्लास्टिकला पन्नास टक्के हा आकडा कुठून आला? जुन्या कोडमध्ये एखादा ०.५ कोणत्याही कॉमेंटशिवाय लिहिलेला असतो, तो कोणी आणि का लिहिला हे कोणाला माहीत नसतं, पण काढायची हिंमतही होत नाही. हा तसलाच प्रकार वाटला. म्हणून शोध घेतला.

शोधता शोधता जहाजांपर्यंत पोचलो. विम्याचं मूळ तत्त्व असं की नुकसान भरून द्यायचं, फायदा होऊ द्यायचा नाही. लाकडी जहाजांच्या काळात वादळात मोडलेल्या जुन्या डोलकाठीच्या जागी नवी बसवली, की मालकाला जुन्याच्या बदल्यात नवी मिळाली असं होई. म्हणून सागरी विम्यात दुरुस्तीच्या खर्चातून एक तृतीयांश कापण्याचा रिवाज होता. माझ्या बंपरचा घसारा याच घराण्यातला. जुना बंपर गेला, नवा आला, म्हणजे माझा थोडा फायदा झाला, तेवढा वाटा माझा. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. खिशाला पटत नाही एवढंच.

आपल्याकडे हे टक्के ज्या कोष्टकात पक्के बसले त्याचं नाव इंडिया मोटर टॅरिफ, साल २००२. त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी झाला आणि १०७ विमा कंपन्या मिळून चार कंपन्या झाल्या. दर आणि अटी सगळ्यांना सारख्या. २००० साली खासगी कंपन्यांना दार उघडलं. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या. दर मोकळे झाले, पण घसाऱ्याचं कोष्टक मात्र टिकून राहिलं. सहा महिन्यांपर्यंत पत्र्याला शून्य, वर्षापर्यंत पाच, मग दहा, पंधरा, पंचवीस, पस्तीस असं चढत जात दहा वर्षांनंतर पन्नास. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना पहिल्या दिवसापासून पन्नास. काचेला काही नाही. यातून सुटका हवी असेल तर जादा पैसे भरून झिरो डेप घ्या. सिस्टिम तीच, वर एक पॅच!

इथे प्लास्टिकचा मुद्दा जरा खोलात जाण्यासारखा आहे. आमच्या लहानपणी गाडी ठोकली की ती डेंटरकडे जायची. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीचा पत्रा जाड, बंपर चकचकीत क्रोमचे, लोखंडी. डेंटर आतून ठोकळा लावून बाहेरून हातोडीने पत्रा सरळ करायचा, लांबी भरायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि मग ड्युको. (ड्युको हा शब्द आला तो अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगामुळे. १९२३-२४ च्या सुमाराला हा झटपट वाळणारा रंग बाजारात आला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागायचे. कंपनीच्या रंगाचं नाव आपल्या गॅरेजमध्ये क्रियेचं नाव झालं : "ड्युको मारून देतो".) सगळा खर्च मजुरीचा, आणि मजुरीला घसारा नसतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्या मागोमाग हलक्या गाड्यांचा जमाना. पुढे बंपर प्लास्टिकचे झाले, दिवे प्लास्टिकचे झाले. ठोकून सरळ करण्याऐवजी काढून नवीन बसवायची पद्धत पडली. म्हणजे खर्च मजुरीकडून सुट्या भागांकडे सरकला, आणि घसारा नेमका सुट्या भागांनाच. बिलातला आपला वाटा वाढलेला वाटतो त्याचं एक कारण हे.

"पूर्वीच्या गाड्या कशा दणकट होत्या, आता नुसता डबा!" असं आपले बाबा लोक म्हणतात. मीही म्हणायचो. पण दणकट गाडी ही गाडीच्या बाजूने चांगली, माणसाच्या बाजूने नाही. मर्सिडीजमधल्या बेला बारेनी या इंजिनिअरने १९५१-५२ मध्ये एका कल्पनेचं पेटंट घेतलं. गाडीचा मधला भाग, म्हणजे माणसं बसतात तो, कडक ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करायचा. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. पत्र्यात जिरली नाही तर ती आतल्या माणसाच्या बरगड्यांत जिरते. १९५९ मध्ये ही रचना असलेली मर्सिडीज रस्त्यावर आली. आपल्याकडे नव्या मॉडेलना समोरून धडकेची चाचणी सक्तीची व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडावं लागलं. थोडक्यात, माझी डिकी आत गेली याचा अर्थ डिझाइनने आपलं काम केलं. पत्रा माणसासाठी असतो, हे इंजिनिअरांना कळायला गाडीच्या जन्मानंतर साठ-पासष्ट वर्षं लागली.

आता खरा मुद्दा. कायद्याला हे कधी कळलं?

१७ ऑगस्ट १८९६. लंडनचा क्रिस्टल पॅलेस. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मुलीबरोबर तिथे आली होती. लोकांना फेऱ्या मारून दाखवणाऱ्या एका मोटारीखाली ती सापडली आणि गेली. मोटारीखाली सापडून मेलेली ब्रिटनमधली ही पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत अपघाती मृत्यू असा निकाल आला आणि असं पुन्हा घडू नये अशी आशा कॉरोनरने बोलून दाखवली. १९३० साली एकट्या ब्रिटनमध्ये रस्त्यांवर सात हजारांहून जास्त माणसं मेली.

मोटारीचा विमा एव्हाना होताच. १८९८ पासून पॉलिसी मिळत होत्या. पण तो मालकाच्या मर्जीचा मामला. घेतला तर घेतला. ज्याला उडवलं त्याने कोर्टात जायचं, खटला जिंकायचा, आणि मग कळायचं की ड्रायव्हरच्या खिशात दमडी नाही.

बरं, विमा असला तरी धड होतं का? १९२८ मधला हॅरिंग्टन मोटर कंपनीचा खटला वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. या कंपनीच्या गाडीने एका माणसाला जखमी केलं. त्याने दावा जिंकला. कंपनीचा विमा होता आणि विमा कंपनीने पैसेही दिले. पण दरम्यान मोटर कंपनी दिवाळखोरीत गेली होती. कोर्ट म्हणालं, विम्याचा करार मोटर कंपनीशी, म्हणून पैसे मोटर कंपनीचे, म्हणजे सगळ्या देणेकऱ्यांचे. जखमी माणसाने बाकीच्यांबरोबर रांगेत उभं राहावं! त्याचं हाड मोडलं म्हणून आलेले पैसे, आणि त्यातला वाटा बाकीच्या सावकारांना. कराराच्या कायद्यानुसार हे बरोबर होतं. माणूस त्या करारात कुठे नव्हताच. तो तिसरा. थर्ड पार्टी.

दोन वर्षांत ब्रिटिश पार्लमेंटने दोन कायदे केले, दोन्ही १९३० चे. एकाने असे पैसे मागण्याचा हक्क थेट जखमी माणसाला दिला. दुसऱ्याने, म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्टने, विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायलाच बंदी केली. म्हणजे गाडीवाल्याने विकत घ्यायची ती पॉलिसी, जिचा फायदा त्याला अजून न भेटलेल्या माणसाला मिळणार. कल्पना म्हणून मला हे अफाट वाटतं.

आपल्याकडे १९१४ चा मोटर वाहन कायदा होता, त्यात विम्याची सक्ती नव्हती. १९३९ च्या नव्या कायद्यात ब्रिटनच्या धर्तीवर आठवं प्रकरण आलं, पण ते लागू झालं १ जुलै १९४६ पासून. आणि त्यातही गोम होती. मालवाहू ट्रकच्या बाबतीत विमा कंपनीची सक्तीची जबाबदारी वीस हजार रुपयांपुरती. १९६९ च्या दुरुस्तीने ती पन्नास हजार झाली, १९८२ मध्ये दीड लाख. बाकीचं ट्रकमालकाकडून वसूल करा, तो सापडला तर आणि त्याच्याकडे असलं तर. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. पण तिथेही चूक कोणाची हे सिद्ध करायचं ओझं जखमी माणसावर किंवा मेलेल्याच्या घरच्यांवर. रात्री हायवेवर गेलेल्या माणसाच्या बायकोने साक्षीदार कुठून आणायचा? १९८२ मध्ये पहिल्यांदा चूक सिद्ध न करताही काही रक्कम देण्याची तरतूद आली : मृत्यूसाठी पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. पुढे हे आकडे वाढत गेले. २०१९ च्या दुरुस्तीने मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाले.

कायद्याच्या अर्थाबद्दलची लढाई कोर्टात चालूच होती. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्कँडिया विरुद्ध कोकिळाबेन या खटल्यात जो निकाल दिला तो मला या सगळ्या इतिहासातला कळीचा वाटतो. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला, क्लीनरने गाडी हलवली आणि एकाचा जीव गेला. क्लीनरकडे लायसन्स नव्हतं. विमा कंपनी म्हणाली, अटीचा भंग झाला, आम्ही देणं लागत नाही. कोर्टाने मानलं नाही. मालकाने लायसन्सवाला ड्रायव्हर नेमला होता, त्याने मुद्दाम अट मोडलेली नाही. आणि सक्तीचा विमा आणला तोच मुळी रस्त्यावर बळी पडणाऱ्यांसाठी.

१९८८ च्या कायद्याने (लागू १ जुलै १९८९) मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत सगळ्याच गाड्यांची रकमेची मर्यादा काढून टाकली. आणि वस्तूंच्या नुकसानीची? ती ठेवली सहा हजार रुपये. दुसऱ्याच्या गाडीचा पत्रा, भिंत, टपरी, सगळं मिळून सक्ती फक्त सहा हजारांची होती. पॉलिसीत ती खासगी गाडीसाठी साडेसात लाखांपर्यंत वाढवलेली असते ही गोष्ट वेगळी. पण तो कायदा काय म्हणत होता बघा : माणसाला मर्यादा नाही, पत्र्याला सहा हजार.

हे वाचल्यावर माझ्या बिलातलं कोडं सुटलं. मागच्या कारवाल्याच्या विम्यातून माझी डिकी का दुरुस्त झाली नाही? तसा हक्क आहे, पण त्यासाठी पोलिसांचे कागद घेऊन न्यायाधिकरणात जावं लागतं. तीस-चाळीस हजारांसाठी एवढं कोण करतं? म्हणून ज्याने त्याने आपापल्या विम्यातून आपापली गाडी करून घ्यायची. ब्रिटिश विमा कंपन्यांनी तर आपसात तसे करारच करून टाकले होते, त्यांना 'नॉक फॉर नॉक' म्हणतात. तू तुझं बघ, मी माझं बघतो. पत्र्याच्या बाबतीत ही तडजोड चालते. बोनस जातो, चरफडायला होतं, पण चालते.

माणसाच्या बाबतीत ती चालत नाही आणि कायद्याने चालू दिलेली नाही. काकांच्या स्कूटरचा विमा संपला होता हा त्यांचा गुन्हा, त्याचा दंड वेगळा. पण त्यामुळे त्यांचा भरपाईचा हक्क बुडत नाही. ते थर्ड पार्टी. मागच्या कारवाल्याच्या पॉलिसीतला सक्तीचा भाग त्यांच्याचसाठी होता. पॉलिसीच्या कागदावर दोन प्रीमियम वेगळे छापलेले असतात, ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी. दरवर्षी मी पहिल्याची घासाघीस करायचो आणि दुसऱ्याकडे टॅक्ससारखं बघायचो. फुकट गेले म्हणून.

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितल्यावर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. कारण सरळ आहे. लोक पहिल्या वर्षानंतर तो भरतच नव्हते. आजही देशातल्या जवळपास निम्म्या गाड्या विम्याविना फिरतायत आणि त्यात दुचाकी सर्वांत जास्त.

असो. डॉक्टरांनी काकांचा फोन नंबर लिहून घेतला होता, तो माझ्याकडेही होता. हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी त्यांना फोन केला. गुडघा बरा होता. सांगितलं, की तुम्ही उगाच घाबरलात, भरपाई मागायचा हक्क तुम्हाला होता. काका हसले. "जाऊ दे हो, दवाखान्याचे पैसे तुम्ही दिलेच की."

मग म्हटलं, "काका, स्कूटरचा विमा भरून टाका. हजार रुपयांच्या आत होईल."

"पण तुम्हीच म्हणालात ना, नसला तरी माझा हक्क जात नाही?"

पॉइंट होता! मी थोडा थांबलो. म्हटलं, "नाही जात. हा विमा तुमच्यासाठी नाहीच आहे काका. उद्या तुमच्या स्कूटरसमोर एखादं पोर आलं तर त्याच्यासाठी आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "शाळेवरूनच जातो मी रोज. उद्या भरतो."

भरला की नाही माहीत नाही. मी मात्र माझं झिरो डेप परत घेतलं. आणि नूतनीकरणाच्या कागदावरचा तो दुसरा आकडा पहिल्यांदाच न कुरकुरता भरला.